चष्म्याशिवाय थ्रीडी आणि लिपमन सर

आधीच एक कबुली देऊन टाकते. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. घरी मराठी, शाळेत इंग्रजी, आणि होस्टेलवर आपण जे काही बोलतो त्या भाषेला अजून नाव पडायचं आहे. त्यामुळे मराठी विभागासाठी लेख दे असं फर्मान आलं तेव्हा घामच फुटला. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका दिसल्या तर पोटात घाला. पण ही गोष्ट मला मराठीतच सांगायची होती, कारण ती मी सगळ्यात आधी माझ्या आजीला फोनवर सांगितली आणि तिला ती पूर्ण कळली. तिला कळली म्हणजे सिव्हिलवाल्यांनाही कळेल, असा माझा अंदाज आहे. (सिव्हिलवाल्यांनी रागावू नये!)

गोष्टीची सुरुवात आमच्या फजितीने होते. टी.ई.ला आम्हा तिघांच्या ग्रुपने मिनी प्रोजेक्ट घेतला होता : चष्म्याशिवाय थ्रीडी डिस्प्ले. थ्रीडी सिनेमा म्हटला की चष्मा आलाच. आपले दोन डोळे एकमेकांपासून साधारण साडेसहा सेंटिमीटरवर आहेत, त्यामुळे प्रत्येक डोळ्याला जग किंचित वेगळं दिसतं. त्या फरकावरून मेंदू अंतर ओळखतो. थिएटरमधला चष्मा एवढंच करतो की उजव्या डोळ्याचं चित्र उजव्याला आणि डाव्याचं डाव्याला पोचवतो. हे वाटपाचं काम चष्म्याऐवजी पडद्यानेच करावं, ही आमची आयडिया. म्हणजे आमची आहे असं तेव्हा आम्हाला वाटत होतं.

आम्ही एक प्लॅस्टिकचा पत्रा मिळवला. त्यावर माशीच्या डोळ्यासारखी शेकडो बारीक भिंगं होती. पत्र्यासमोर बुद्धिबळातला घोडा ठेवला. प्रत्येक भिंगामागे घोड्याचं एकेक इवलंसं चित्र उमटलं. ती सगळी चित्रं कॅमेऱ्याने टिपली, टॅब्लेटच्या स्क्रीनवर त्याच मापात लावली आणि वर तोच पत्रा ठेवला. आणि काय सांगू, घोडा खरंच उठून दिसला! फक्त त्याचं तोंड पुढे यायच्या ऐवजी आत गेलं होतं. मान पुढे, नाकपुड्या मागे. मोदकाच्या साच्यात आतून डोकावल्यावर कसं दिसतं, तसा घोडा. एक्स्टर्नल हसले. बाकीचे दोघे म्हणाले की कोडमध्ये बग असणार. मी दोन रात्री जागून कोड तपासला. बग नव्हता. शेवटी आमच्या गाईड सरांनी सांगितलं की हा दोष तुमच्या आजोबांपेक्षा जुना आहे, जाऊन लिपमनचा १९०८ सालचा शोध वाचा.

मी फॉर्म्युला शोधायला गेले आणि एका माणसाची अख्खी गोष्ट वाचत बसले.

हातमोजे, आई आणि नापास

गॅब्रिएल लिपमन यांचा जन्म १६ ऑगस्ट १८४५ रोजी लक्झेंबर्गजवळच्या बॉनव्हॉय इथे झाला. आईवडील फ्रेंच ज्यू. वडिलांचा हातमोजे बनवायचा घरचा धंदा होता आणि तो कारखाना एका जुन्या, बंद पडलेल्या कॉन्व्हेंटच्या इमारतीत होता. म्हणजे एका अर्थाने लिपमनसुद्धा कॉन्व्हेंटचेच! गॅब्रिएल तीन वर्षांचा असताना, १८४८ साली, घरचे सगळे पॅरिसला आले. सुरुवातीचं शिक्षण आईनेच घरी केलं. तेराव्या वर्षी तो शाळेत गेला. शाळेत त्याचं लक्ष नसायचं अशी नोंद आहे, पण विचारात गढलेला आणि गणिताची गोडी असलेला मुलगा, अशीही आहे. प्रत्येक वर्गात असा एक जण असतोच. आपल्याकडे त्याला शेवटच्या बाकावर बसवतात.

१८६८ साली त्याला पॅरिसच्या एकोल नॉर्मालमध्ये प्रवेश मिळाला. आपल्याकडे आय.आय.टी.चं जसं नाव, तसं तिकडे या संस्थेचं. तिथून बाहेर पडताना आग्रेगासिओं नावाची परीक्षा द्यायची असते. ती पास झाली की सरकारी अध्यापकाची नोकरी पक्की. लिपमन त्या परीक्षेत नापास झाले. आवडलं ते वाचायचं आणि नाही आवडलं ते सोडून द्यायचं, हा त्यांचा खाक्या होता.

आता इथे मला एक गोष्ट स्पष्ट करायची आहे. मोठी माणसं नापास झाली म्हणून आपली केटी म्हणजे मोठेपणाची पहिली पायरी, असं समजू नका. (मीही एम-थ्रीच्या वेळी असंच समजले होते.) लिपमन परीक्षेत नापास झाले तरी प्रयोगशाळेत रोज जात होते. फरक तिथे आहे.

पाऱ्याचा थेंब

१८७३च्या सुमारास फ्रेंच सरकारने त्यांना जर्मनीतलं विज्ञानशिक्षण पाहून यायला पाठवलं. हायडेलबर्गला ते किर्खहॉफ यांच्याकडे गेले. हो, तेच केसीएल आणि केव्हीएलवाले किर्खहॉफ, ज्यांनी आपलं फर्स्ट इयर अवघड केलं. तिथेच क्यूने नावाच्या शरीरशास्त्राच्या प्राध्यापकांनी त्यांना एक साधा प्रयोग दाखवला. पाऱ्याचा थेंब पातळ सल्फ्युरिक ॲसिडखाली ठेवायचा आणि त्याला लोखंडाची तार टेकवायची. थेंब आकसतो. तार काढली की पुन्हा पहिल्यासारखा होतो. हा प्रयोग आधीही अनेकांनी पाहिला असेल आणि गंमत म्हणून सोडून दिला असेल. लिपमन यांना मात्र त्यात एक नातं दिसलं : पाऱ्याच्या पृष्ठताणाचं आणि विजेच्या दाबाचं.

मग त्यांनी एका अत्यंत बारीक काचनळीत पारा आणि ॲसिड समोरासमोर आणले. थोडासा व्होल्टेज दिला की पाऱ्याची कड सरकायची, आणि ती मायक्रोस्कोपमधून मोजता यायची. या उपकरणाचं नाव कॅपिलरी इलेक्ट्रोमीटर. त्यावर व्होल्टचा साधारण दहाहजारावा भागसुद्धा मोजता येत असे. ना ॲम्प्लिफायर, ना ऑप-ॲम्प. नुसती काचनळी आणि पारा. १८८७ साली लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलमध्ये ऑगस्टस वॉलर यांनी हेच उपकरण वापरून माणसाच्या हृदयाचे विद्युत ठोके पहिल्यांदा टिपले. ईसीजीची ही सुरुवात.

१८७४ साली हायडेलबर्गची डॉक्टरेट आणि १८७५ साली पॅरिसची. नापास झालेला विद्यार्थी १८७८ साली पॅरिसच्या विज्ञान विभागात शिकवू लागला, १८८३ साली गणिती भौतिकशास्त्राचा आणि १८८६ साली प्रायोगिक भौतिकशास्त्राचा प्राध्यापक झाला. आता प्राध्यापक झाले म्हणजे यापुढे आपण त्यांना लिपमन सरच म्हणू.

मधल्या काळात, १८८१ साली, सरांनी आणखी एक काम केलं. आदल्याच वर्षी क्युरी बंधूंनी दाखवलं होतं की क्वार्ट्झचा स्फटिक दाबला की वीज तयार होते. सरांनी कागदावर थर्मोडायनॅमिक्सची गणितं मांडली आणि सांगितलं की उलटंही झालं पाहिजे, वीज दिली की स्फटिकाचा आकार बदलला पाहिजे. क्युरी बंधूंनी प्रयोग केला आणि तसंच झालं. आज तुमच्या मनगटावरच्या क्वार्ट्झ घड्याळातला स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो, तो या उलट्या परिणामावरच.

रंग, पण रंगाशिवाय

सरांचं नाव जगभर झालं ते रंगीत फोटोसाठी. त्या काळी फोटो म्हणजे काळा-पांढरा. रंग हवा तर कुंचल्याने हाताने भरायचा. सरांनी अशी पद्धत काढली की तिच्यात रंगद्रव्य नावालाही नाही.

काचेवर अतिशय बारीक कणांचं, जवळजवळ पारदर्शक इमल्शन लावायचं आणि त्याच्या मागे पारा भरायचा. पुन्हा पारा! पारा म्हणजे आरसा. कॅमेऱ्यातून आलेला प्रकाश इमल्शनमधून जातो, पाऱ्यावर आपटून परत फिरतो, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या लाटा मिळून स्टँडिंग वेव्हज तयार होतात. दोरीचं एक टोक खिडकीच्या गजाला बांधून दुसरं हलवलं की मध्ये काही जागा स्थिर राहतात आणि काही जोरात हलतात, तसंच. जिथे प्रकाश जोरात, तिथे चांदीचे कण जमतात. अशा पातळ थरांची चळत तयार होते, आणि दोन थरांमधलं अंतर असतं इमल्शनमधल्या तरंगलांबीच्या निम्मं. लाल प्रकाशासाठी जास्त, निळ्यासाठी कमी. नंतर त्या काचेवर साधा पांढरा प्रकाश टाकला की हे थर नेमका तोच रंग परत पाठवतात. साबणाच्या फुग्यावर रंग दिसतात त्याच जातीचं हे काम, फक्त इथे रंग कुठे कोणता दिसायचा ते ठरलेलं.

२ फेब्रुवारी १८९१ रोजी सरांनी फ्रेंच विज्ञान अकादमीपुढे ही पद्धत मांडली. तेव्हा फोटो होता नुसत्या वर्णपटाचा. पुढच्याच वर्षी त्यांनी रंगीत काचांची खिडकी, झेंडे, संत्र्यांचं भांडं आणि पोपट असे फोटो दाखवले. पोपट बहुधा पेंढा भरलेला असावा, असा माझा आपला अंदाज. कारण एक्सपोजर फार वेळ द्यावं लागायचं आणि जिवंत पोपट तेवढा वेळ गप्प बसत नाही.

याच अडचणींनी ही पद्धत बाजारात चालली नाही. वेळ फार लागतो, फोटोची प्रत काढता येत नाही, आणि काच ठरावीक कोनात धरली तरच रंग दिसतात. १९०७ साली ल्युमिएर बंधूंनी ऑटोक्रोम नावाच्या सोप्या रंगीत प्लेट्स विकायला आणल्या आणि लोक तिकडे वळले. ल्युमिएर बंधूंनी आधी लिपमन सरांच्या पद्धतीवरही काम केलं होतं, हे विशेष. आणि त्यानंतर, १९०८ साली, सरांना याच रंगीत फोटोसाठी भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. त्या वर्षी नोबेल समितीने शिफारस केली होती माक्स प्लांक यांची, पण अकादमीच्या मतदानात पारडं फिरलं. प्लांक यांना १९१८ सालच्या नोबेलपर्यंत थांबावं लागलं. म्हणजे आज मागे वळून पाहिलं तर वाटतं की चुकीच्या वर्षी, बाजारातून गेलेल्या पद्धतीला बक्षीस दिलं. मलाही वाचताना तसंच वाटलं. पण थांबा.

माशीचा डोळा

त्याच वर्षी, २ मार्च १९०८ रोजी, सरांनी अकादमीपुढे आणखी एक छोटा निबंध वाचला होता. विषय होता इंटिग्रल फोटोग्राफी. फोटो खिडकीसारखा का नाही, हा त्यातला मूळ प्रश्न. खिडकीतून पाहताना डोकं डावीकडे नेलं की झाडामागचं घर दिसू लागतं. फोटोत कितीही डोकं हलवा, झाडामागचं घर काही दिसत नाही. कारण साध्या कॅमेऱ्याला एकच भिंग असतं, आणि ते एकाच जागेवरून पाहतं.

सरांनी सुचवलं की फिल्मच्या पुढच्या बाजूला कीटकांच्या डोळ्यासारखी असंख्य छोटी भिंगं असावीत आणि मागच्या बाजूला इमल्शन. प्रत्येक भिंग आपापल्या जागेवरून समोरचं दृश्य टिपेल. मग फिल्म धुऊन, पॉझिटिव्ह करून, मागून उजेड दिला की प्रत्येक भिंग आपलं चित्र आल्या वाटेने बाहेर सोडेल. तुमच्या उजव्या डोळ्याला प्रत्येक भिंगातून एकेक ठिपका दिसेल आणि त्या सगळ्या ठिपक्यांचं मिळून एक चित्र होईल. डाव्या डोळ्याला दुसरे ठिपके, दुसरं चित्र. डोकं हलवलं की तिसरं. वर-खाली हलवलं तरी बदल. चष्मा नको, आणि एकाच माणसाने बघायला पाहिजे असंही नाही. सगळ्या चित्रांची बेरीज म्हणून इंटिग्रल. एम-वनमधलं इंटिग्रेशन शेवटी असं कामाला आलं!

चष्म्याशिवाय थ्रीडीचा प्रयत्न करणारे सर पहिले नव्हते, हेही सांगायला हवं. अमेरिकेत फ्रेडरिक आइव्हज यांनी १९०१च्या सुमारास फोटोपुढे उभ्या बारीक फटींची जाळी लावून दोन डोळ्यांना दोन चित्रं दाखवली होती. खिडकीच्या उभ्या गजांमधून पाहताना डाव्या डोळ्याला एक पट्टी दिसते आणि उजव्याला शेजारची, तसं. पण फटी बराचसा प्रकाश अडवतात आणि चित्रं दोनच. सरांना दोन चित्रं नको होती. डोळ्याला कसं फसवायचं हा त्यांचा प्रश्नच नव्हता. वस्तूकडून येणारा प्रकाश जसा आला तसा, सगळ्या दिशांसकट, कसा साठवायचा, हा होता. रंगीत फोटोतही त्यांनी हेच केलं होतं. तीन रंग मिसळून डोळ्याची समजूत काढण्याऐवजी लाटच पकडून ठेवली. दोन्ही शोधांमागे माणूस एकच आहे, हे मला इथे कळलं.

अडचण एकच होती. असली भिंगं मिळायची कुठे? प्लॅस्टिकचे साचे नव्हते, हजारो सारखी भिंगं बनवणारं यंत्र नव्हतं. सरांनी स्टॅनहोप नावाची काचेची छोटी भिंगं घेऊन, फक्त बारा एकत्र चिकटवून, कल्पना चालते एवढं दाखवलं. बारा भिंगं म्हणजे बारा पिक्सेल! आज आपण डिस्प्ले म्हणून त्याच्याकडे बघणारही नाही. त्यांच्या हयातीत ही कल्पना तेवढ्यावरच राहिली.

आणि आमचा घोडा? दोष तिथूनच आलेला. भिंगातून प्रकाश आल्या वाटेने परत जातो, म्हणून चित्रातला प्रत्येक बिंदू हवेत मूळ जागीच तयार होतो. घोड्याचं तोंड पत्र्याच्या जवळ होतं, ते जवळच उमटतं. पण आता आपण पत्र्याकडे बघतोय पलीकडून, घोड्याच्या पाठीमागून म्हणा ना. त्यामुळे जे पत्र्याला जवळ, ते आपल्याला लांब. नाक आत, मान पुढे. १९३१ साली फ्रेडरिक आइव्हज यांचे चिरंजीव हर्बर्ट आइव्हज यांनी लिपमन सरांच्या भिंगपत्र्याचा बारकाईने अभ्यास प्रसिद्ध केला. यावर त्यांच्याकडचा उपाय होता फोटोचा पुन्हा फोटो काढायचा. उलट्याचं उलटं म्हणजे सुलट. वडील फटींच्या बाजूचे आणि मुलगा भिंगांच्या, अशी ही घरातली गंमत.

एक सही

इथपर्यंत लिहून लेख संपवला असता तर सर माझे एकदम हिरो झाले असते. पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही.

पॅरिसला शिकायला आलेल्या मारी स्क्लोडोव्स्का, म्हणजे पुढच्या मादाम क्युरी, यांनी पोलादाच्या चुंबकत्वावरचं आपलं सुरुवातीचं काम लिपमन सरांच्या प्रयोगशाळेत केलं. एप्रिल १८९८ मध्ये किरणोत्सारावरचा त्यांचा पहिला निबंध अकादमीपुढे मांडायचा होता. त्या सदस्य नव्हत्या, म्हणून तो लिपमन सरांनी मांडला. जून १९०३ मध्ये त्यांची डॉक्टरेटची परीक्षा झाली तेव्हा परीक्षकांत लिपमन सर होते. म्हणजे ते काम कोणाचं आहे, हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत असणार?

आणि त्याच १९०३ साली फ्रेंच अकादमीतल्या चार मान्यवरांनी नोबेलसाठी पत्र पाठवलं. त्यात बेकरेल आणि पिएर क्युरी ही दोन नावं होती. मारी यांचं नाव नव्हतं. त्या चार सह्यांमध्ये एक सही लिपमन सरांची होती. स्वीडनच्या मिटाग-लेफलर या गणितज्ञांनी पिएर यांना ही गोष्ट कळवली, पिएर यांनी मारीचा वाटा मान्य करायलाच हवा असा आग्रह धरला, आणि मग तिसरं नाव आलं.

हे वाचलं त्या रात्री मला जरा राग आला. आमच्या ग्रुपमध्ये दोन मुलगे आणि मी. ओरलच्या वेळी ऑप्टिक्सचे प्रश्न त्यांना विचारले गेले आणि मला विचारलं गेलं की रिपोर्ट फार नीट टाईप झालाय, तू केलास का? भिंगांचं सगळं गणित माझं होतं. मी काहीच बोलले नाही. माझ्याबरोबरचे दोघेही बोलले नाहीत. वाईट मुलं नाहीत ती, माझ्यासाठी मेसचा डबा आणणारी मुलं आहेत. लिपमन सरही वाईट माणूस नव्हते. तिचा निबंध त्यांनीच तर मांडला होता. पण जो माणूस प्रकाश सगळ्या बाजूंनी टिपायचं म्हणत होता, त्यालाही समोरची एक बाजू दिसली नाही किंवा दिसूनही त्याने सही केली. शोध मोठा आणि सही छोटी, असं म्हणून ती मला झाकता येत नाही. दोन्ही एकाच माणसाच्या हातची आहेत.

बोटीवर

१९१२ साली सर अकादमीचे अध्यक्ष झाले. पहिल्या महायुद्धाच्या काळात पॅरिसमध्ये प्रकाशशास्त्राची स्वतंत्र संस्था उभी राहिली, तिच्या स्थापनेतही त्यांचा वाटा होता. १९२१ साली, वयाच्या पंचाहत्तरीत, ते मार्शल फायोल यांच्या शिष्टमंडळाबरोबर उत्तर अमेरिकेला गेले. परतीच्या प्रवासात, जुलै १९२१ मध्ये, फ्रान्स नावाच्या बोटीवर भर समुद्रात त्यांचं निधन झालं.

त्या दिवशी हिशेब मांडला असता तर काय दिसलं असतं? नोबेल मिळालेली रंगीत पद्धत, जी कोणी वापरत नाही. आणि इंटिग्रल फोटोग्राफी, जी बारा भिंगांवर अडकलेली.

पण पुढचं ऐका. १९६२ साली रशियात युरी डेनिस्युक यांनी लिपमन सरांची तीच थरांची पद्धत होलोग्राफीशी जोडली आणि साध्या पांढऱ्या प्रकाशात दिसणारे होलोग्राम तयार झाले. बाजारातून गेलेली रंगीत पद्धत थ्रीडी होऊन परत आली. आणि भिंगं? लहानपणी कंपासपेटीत एक पट्टी असायची, हलवली की चित्र बदलायचं. देवाचं कॅलेंडर असायचं, एका बाजूने गणपती आणि दुसऱ्या बाजूने लक्ष्मी. त्याच्यावरच्या उभ्या रेषा म्हणजे लांबट भिंगंच, सरांच्या कल्पनेचं सोपं, एकाच दिशेचं रूप. २०११ साली निन्टेन्डोचा चष्म्याशिवाय थ्रीडी दाखवणारा गेम आला, तो फटींच्या घराण्यातला. जपानच्या एनएचकेने इंटिग्रल टीव्हीवर वर्षानुवर्षं संशोधन केलं आहे, ते भिंगांच्या घराण्यातलं. आणि आपल्या हातातल्या बऱ्याच फोनमध्ये झटकन फोकस होतो, कारण सेन्सरच्या एकेका सूक्ष्म भिंगाखाली दोन-दोन पिक्सेल बसवून डावीकडचा आणि उजवीकडचा प्रकाश वेगळा मोजलेला असतो. सरांच्या बारा भिंगांची आता लाखो झाली आहेत.

मग चष्म्याशिवाय थ्रीडी अजून घरोघरी का नाही? कारण गणित अजून तेच आहे. जितकी भिंगं तितकेच चित्राचे ठिपके, आणि प्रत्येक भिंगामागे जितके पिक्सेल तितक्याच दिशा. चित्र सुबक हवं तर दिशा कमी, दिशा जास्त हव्या तर चित्र भरड. पिक्सेल एकच, वाटेकरी दोन. सरांच्या फिल्मला पिक्सेल नव्हते, आपल्याला आहेत, म्हणून ही ओढाताण आपल्या वाट्याला आली. ती सोडवणं आता आपल्याकडे. आपल्याच बॅचमधल्या कोणाकडे का नसावं?

आमच्या घोड्याचं काय झालं ते सांगते आणि थांबते. आज फोटोचा फोटो काढायची गरज नाही. प्रत्येक इवलं चित्र जागच्या जागी १८० अंशांत फिरवलं की खोली सुलटी होते, फक्त घोडा पत्र्याच्या पुढे दिसायच्या ऐवजी मागे जाऊन उभा राहतो. कोडमध्ये एका ओळीची भर. सबमिशन होऊन गेलं होतं, मार्क लागले होते, ते काही बदलले नाहीत. तरी आम्ही ते केलं. एका रविवारी मेसमध्ये टॅब्लेट टेबलावर ठेवला. मेसच्या मावशींनी पोळ्या तशाच ठेवून डोकं डावीकडे नेलं, उजवीकडे नेलं, आणि घोड्याच्या नाकाला बोट लावायला गेल्या. बोट पत्र्यावर आपटलं. त्यांनी पत्रा उचलून मागे बघितलं. मागे नुसती स्क्रीन होती.

रिपोर्टची नवी प्रत काढताना पहिल्या पानावर आम्ही तिघांची नावं आणि प्रत्येकापुढे कोणी काय केलं ते लिहिलं. भिंगांच्या गणितापुढे माझं नाव आहे. ते मी सुचवलं नव्हतं. त्या दोघांपैकी एकाने सुचवलं, हा लेख लिहायच्या आधी, लिपमन सरांची गोष्ट मी त्याला सांगितल्यावर.